ओळखीची होडी

३ नोव्हेंबर २०२५, सकाळ
आजपासून रोजनिशी. गावाच्या सागरी पहारा समितीचा खरेदीप्रमुख म्हणून माझी, अब्दुस्समदची, एकमताने निवड. तिघेच हजर होते, त्यातला एक मी. किनाऱ्याच्या रक्षणासाठी सरकारी निधी आलाय, तोही एकदाच मिळणारा. जगातल्या प्रत्येक सैन्याला पडतो तोच प्रश्न आता आमच्या गावाला पडलाय: महागडं एक घ्यायचं की स्वस्तातली पंचवीस? मस्कतला लष्कराच्या स्टोअरमध्ये सव्वीस वर्षं काढलेला माणूस गावात एकच आहे. रणगाडे मी हाताळले नाहीत, पण रणगाडे चालवणाऱ्यांचे बूट माझ्याच हातून गेले.
संकल्प: रोज चालणे. साखर बंद. कमी बोलणे.

४ नोव्हेंबर
साखर सोमवारपासून.

५ नोव्हेंबर, संध्याकाळ
समितीची मीटिंग. मी, ग्रामपंचायतीचा कमलेश आणि धाकू. धाकू म्हणजे पहिलीपासूनचा दोस्त. मी मस्कतला असताना माझ्या अम्मीला दवाखान्यात नेणारा-आणणारा हाच. पण लष्करी बाबतीत शून्य. त्याचं म्हणणं, प्रत्येक होडीला एक वायरलेस आणि माणशी एक लाइफ जॅकेट द्या, बस झालं. म्हणे, "दर्यातल्या खुंटापाशी मोबाइल लागत न्हाय. होरीत पानी शिरला तं हाक कुनाला मारायची?"
मी समजावलं की वायरलेस ही खेळणी आहेत, शत्रू त्यांना भीत नाही. तो म्हणाला, शत्रू आमाला कदी भेटला न्हाय, पानी रोज भेटतो. वर टीव्हीवरचं ऐकवलं, की आता स्वस्तातले ड्रोन महागडे रणगाडे फोडतात. टीव्ही बघून कोणी जनरल होत नाही, असं मी शांतपणे सांगितलं. कमलेशच्या मते जरा जोरात सांगितलं.

७ नोव्हेंबर
कंपनीच्या माणसाने कॅमेऱ्याचा डेमो दिला. चार मैलांवरच्या माणसाच्या शर्टाची बटणं दिसतात. वर कॉम्प्युटर स्वतःच ठरवतो, होडी आपली की संशयित. संशयित असेल तर भोंगा वाजतो आणि थेट पोलीस ठाण्यात मेसेज. मतं घेतली. दोन विरुद्ध एक.
धाकू उठला. "बग समद, तुजा यंत्र हाय," एवढंच म्हणाला. चहा तसाच ठेवून गेला. आमच्या घरचा चहा त्याने टाकून दिलेला मला तरी आठवत नाही. होईल शांत.

१२ नोव्हेंबर
कॅमेरा बर्फाच्या कारखान्याच्या गच्चीवर बसला. स्क्रीन गोपनीयतेसाठी आमच्या ओटीवर. उद्घाटनाला धाकू आला नाही. जाळं शिवायचं होतं म्हणे.
पहिल्याच दिवशी एकेचाळीस वेळा भोंगा. वाऱ्याने हलणारे वाळत घातलेले बोंबील यंत्राला संशयित वाटतात. सतर्क यंत्र आहे. बायको शहरबानू म्हणाली, "माझं डोकं उठलं, तेवढं नाही का दिसत त्याला?"

१४ नोव्हेंबर, दुपार
आता डोलीच्या होड्यांवरून भोंगा. यात यंत्राची चूक नाही. डोलीवाले जाळं समुद्रातल्या खुंटाला बांधतात आणि पाणी फिरेपर्यंत होडी तिथेच तासन्‌तास उभी. कॉम्प्युटरला कळत नाही की एखादी होडी विनाकारण जागेवर का थांबेल. पोलीस ठाण्यातून फोन आला. साहेब नम्रपणे म्हणाले, हे थांबवा.
मी तोडगा काढला. गावच्या सहाही डोलीवाल्या होड्या 'ओळखीची होडी' म्हणून भरल्या. आता त्यांच्याभोवती हिरवी चौकट येते आणि त्या कितीही वेळ उभ्या राहिल्या तरी यंत्र हूं की चूं करत नाही. पहिली धाकूची भरली. त्याला सांगायला हवं होतं, खूश झाला असता. पण बोलणं बंद आहे ना.

१७ नोव्हेंबर
धाकू ओटीसमोरून गेला. पलीकडे बघत गेला. मीही स्क्रीनकडे बघितलं. नंतर जेवण गेलं नाही. शहरबानू म्हणाली, "एवढे मैल लांबचं बघता, चार घरं पलीकडे जाऊन बोलता येत नाही?"
संकल्प: शुक्रवारी नमाजनंतर त्याच्या घरी जाणे. पहिलं वाक्य तयार ठेवणे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
गुडघा दुखतोय. पहिलं वाक्यही जमत नाही. खरं सांगायचं तर त्याची फार आठवण येते. पण चूक त्याची आहे.

२४ नोव्हेंबर, दुपारी साडेतीन
आज मोठा दिवस. वारा सुटला म्हणून बाकीच्या होड्या लवकर परतल्या. धाकूची एकटीच खुंटाला उभी, धाकूही एकटाच. जोडीदार म्हसळ्याला लग्नाला गेलाय. मी सहज झूम केलं, तर धाकू अंगातला शर्ट काढून थेट कॅमेऱ्याकडे हलवत होता. बराच वेळ.
मला भरून आलं. सतरा दिवसांनी दोस्ताने पहिला हात केला, तोही यंत्राला. मी ओटीवर उभा राहून हात केला. शहरबानू म्हणाली, त्याला काय तुम्ही दिसताय का? मी म्हटलं, मन असावं लागतं. तिला शिरखुर्मा करायला लावलाय. आज चहावर भागणार नाही.

पावणेपाच
पुन्हा शर्ट. आता बसून हलवतोय, दमला असेल. होडी जरा खाली वाटते, मासळी भरपूर मिळालेली दिसते. मी पुन्हा हात केला. आता पाव आणायला जातो. त्याला आमचे मऊ पाव आवडतात.

२५ नोव्हेंबर
धाकू परत आला नाही.

२६ नोव्हेंबर
रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी सापडला. होडीच्या तळाची फळी उसवली होती, पंप बंद पडला होता. फोन खिशात होता.

२८ नोव्हेंबर
वरून साहेब आले. त्या दिवशी उपकरण चालू होतं का, विचारलं. चालू होतं. बिघाड? नाही. भोंगा? एकदाही नाही. त्यांनी लिहून घेतलं: कामगिरी समाधानकारक.
ते गेल्यावर मी रेकॉर्डिंग लावलं. एक तास पन्नास मिनिटं हिरवी चौकट. चौकटीत धाकू. शर्टाची बटणं खरोखर दिसतात. आवाज रेकॉर्ड होत नाही, पण तोंड हलताना दिसतं. काय म्हणत होता ते मला कळलं. माझंच नाव होतं.

३० नोव्हेंबर
धाकूच्या घरच्या, पुतळाबाई वहिनी, आल्या. ओटीवर चढल्या नाहीत, पायरीवरच बसल्या. स्क्रीन मी चादरीने झाकलाय. कॅमेरा बंद होता असं सांगायचं ठरवलं होतं. वाक्य तयार होतं.
त्यांनी विचारलं, "समदभाय, शेवटाला तुमाला दिसला का तो?"
मी हो म्हणालो.
"काय करत व्हता?"
हात करत होता, म्हणालो.
त्यांनी चादरीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "न् तुमी?"
मी म्हणालो, मीही केला.