नाव आधी सांग

प्रिय धाकटे, अनेक आशीर्वाद.

"कोणाची गं तू?" आपण दोघी याच प्रश्नाखाली वाढलो. आपलं नाव कुणाला हवंच नव्हतं. हा अन्याय नाही तर काय?

इथे कारखान्याच्या शिवणखात्यात तीन आठवडे मी एकटी जेवले. आईला सांगू नकोस. काल मात्र मशीन दुरुस्त करणाऱ्या आजोबांसमोर बसले, नाव सांगितलं आणि विचारलं, "हे काम तुम्हाला कोणी शिकवलं?"

त्यांचा घास हातातच राहिला. "तीस वर्षांत कोणी विचारलं नाही गं!"

मग मशीनला तेल किती घालावं, यावर मी त्यांच्याशी चक्क भांडले! छाती अजून फुगलेली आहे.

तुझा खोकला गेला का? सोमवारी नव्या शाळेत शिकवायला जाशील, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यातली खुर्ची धरू नकोस. शेजारच्या बाईंना पहिला प्रश्न तूच विचार.

तुझी ताई