पडद्यावरचे शेवटचे दीड मिनिट

लिहून ठेवणार मी, रुपा धर्मसिंग आडे, वय २४ वर्षे, शिक्षण बी.ए., राहणार कनेरगाव नाक्याजवळचा तांडा, जिल्हा हिंगोली. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. बिघडली आहे ती हृदयाची झडप. सोमवारी औरंगाबादला ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, बहुतेक जण बरे होऊन घरी जातात. त्या बहुतेकांत मी नसले तर कुणाला काय द्यायचे आणि कुणाला काय भोगायला लावायचे, ते कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे.

१. पदवीचे प्रमाणपत्र वडिलांकडे राहील. बा, फ्रेम भिंतीवरून उतरवू नका. लोक काही म्हणोत, त्यावरचा शिक्का खरा आहे.

२. सायकल आणि डिक्शनरी चुलत बहीण मिनाला. तिने बारावीनंतर शिक्षण सोडले तर दोन्ही परत घ्याव्यात. ही धमकी समजावी.

३. माझ्या साखरपुड्यासाठी आईने आरसे लावून शिवलेला घागरा आईनेच नेसावा. याडी, तो मोडलेल्या लग्नाचा नाही, तुझ्या हातचा आहे. पेटीत ठेवू नकोस.

४. एक व्हिडिओ कॅसेट. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

नाक्यावर देविदासचे व्हिडिओ सेंटर आहे. मागच्या वर्षी त्याने कुठूनतरी एक युरोपातला चित्रपट आणला. खाली इंग्रजी अक्षरे येत. तो घरी येऊन म्हणाला, "रुपाताई, तुमी बी.ए. हायत. स्टोरी मराठीत लिहून द्या. मी माईकवर वाचतो. लोकायला काहीच समजून न्हाई राहिलं."

मी तो दुपारी, सेंटर बंद असताना, झाडलोट करणाऱ्या धुरपताबाईंच्या सोबतीने तीनदा पाहिला. चार सरदार एका बाईला तळ्यात बुडवतात. ती परत येते. घड्याळातून पाणी गळते, पलंगावर गवत उगवते, भिंतीतून घोडे चालत जातात. ती उघडी आहे, हे खरे. पण चौघे ज्या नजरेने तिला बघतात, त्याच नजरेला धरून ती एकेकाला तळ्याकडे ओढत नेते. शेवटी पडद्यातून ती सरळ आपल्याकडे बघते. दीड मिनिट. पापणी लवत नाही. मी घाबरले. मग मला फार बरे वाटले. धुरपताबाई एवढेच म्हणाल्या, "बराबर केलं बाईनं." हा चित्रपट चांगला आहे, असे मी सही करून सांगते.

मी अकरा पानांची वही लिहून दिली. देविदासने तिच्यातले एकही वाक्य वाचले नाही. बाई उघडी दिसते तेवढे भाग ठेवून बाकीची कॅसेट पुढे पळवली, माईकवर तोंडाला येईल ते घाण बोलला आणि वर म्हणाला, "ही स्टोरी आपल्या तांड्याच्या बी.ए. पोरीनं लिहून देल्ली हाय. तिला समदं समजते." शेवट येण्याआधी टीव्ही बंद. अकरा दिवस खेळ चालला.

मग ज्या शाळेत मी शिकवणार होते, तिथले सचिव म्हणाले, "बाई, आमच्याकडं लेकरं शिकतेत." माझे लग्न मोडले. मी देविदासला जाब विचारला तेव्हा तो हसला. "ताई, काहून मनावर घेता? तुमचं नाव झालं ना."

पुढे तो त्या कॅसेटवर लग्नाची शूटिंग भरणार होता. मी हिंगोलीहून कोरी आणून बदलून घेतली. आता ती माझी आहे आणि माझ्यानंतर धुरपताबाईंची. त्यांच्याकडे कॅसेट लावायचे मशीन नाही, बघायची तर दुसऱ्याकडे न्यावी लागेल. त्यामुळे त्या समोर बसल्याशिवाय ती कुठे लागणार नाही.

५. सेंटर ज्या जागेवर उभे आहे ती दहा बाय बाराची जागा मी बी.ए. झाले तेव्हा बांनी माझ्या नावावर घेतली होती. ती आईला देते. देविदासला तिथे राहायचे असेल तर एकच अट. माझ्या मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आत त्याने तो चित्रपट पहिल्यापासून शेवटपर्यंत लावावा आणि माझी वही स्वतः माईकवर वाचावी. जे अकरा दिवस आले होते त्यांना बोलवावे, त्यांच्या घरच्या बायकांनाही. शेवटच्या दीड मिनिटात कुणी उठायचे नाही, बोलायचे नाही, दिवा लावायचा नाही. त्याची बायकोही बाकावर असावी.

अट मोडली तर शेड काढून तिथे मुलींसाठी वाचनालय करावे. खरे तर मला वाचनालय जास्त आवडेल. पण देविदासने वाचावे, ही इच्छा त्याहून मोठी आहे. हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

६. थावरा पवार हे माझे लग्न ठरले होते त्या मुलाचे काका. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी विचारले होते, "पोरगी असले पिच्चर पाहते म्हणतेत. व्हय का?" धुरपताबाई सांगतात, ते अकरापैकी नऊ दिवस पहिल्या बाकावर होते. तो बाक त्यांच्यासाठी राखून ठेवावा. वर नाव खडूने नाही, रंगाने लिहावे.

७. मरणाऱ्याने माफ करून जावे, असे शेजारची मिराबाई काल सांगून गेली. मी कुणालाही माफ केलेले नाही. माझ्या नावाने कुणी तसे बोलले तर ते खोटे समजावे.

८. ऑपरेशन होऊन मी घरी आले तर हे मृत्युपत्र रद्द होईल. मग देविदासला वही वाचण्याची तसदी नाही. माईक मी धरीन. आणि ते दीड मिनिट टीव्हीच्या बाजूला, त्यांच्याकडे तोंड करून, उभी राहीन.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) रुपा धर्मसिंग आडे

साक्षीदार:
१. (सही) रत्नपाल भिवाजी खिल्लारे, शिक्षक
२. (सही) कमलबाई जळबा धाबे, नर्स

ठिकाण: कनेरगाव नाका
तारीख: ९ फेब्रुवारी २००१