नमुना क्रमांक नऊ

अहो महानंदाचे आप्पा,

विद्यापीठवाले तुमच्या आठवणींचं पुस्तक काढायलेत. मातीचा अभ्यास करत तुम्ही फिरलात ते अकरा देश महानंदानं लिहून दिले. एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली न्हाई.

लातूर जिल्हा नवा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ आला, तेव्हाची. केनियाहून आलेल्या तुमच्या बॅगेत पांढऱ्या भुकटीची डबी होती. प्रवासातली विभूती समजून मी ती देवघरात ठेवली. सासरे रोज कपाळाला लावायचे. म्हणायचे, "लई थंड वाटायलंय, सूनबाई."

तुम्ही आठ दिवस मातीचा एक नमुना शोधत होतात. तो हाच, हे माझ्या ध्यानात आलं. तरी भीतीनं मी गप्प बसले, डबी लपवली. तुमचा लेख अर्धाच राहिला.

गेल्या महिन्यात तुम्ही गेलात, आपल्या लिंगायत रीतीनं शेतात तुम्हाला बसवून माती दिली, तेव्हा उरलेली भुकटी मी तुमच्याच कपाळाला लावली.

आज तुमची जुनी वही उघडली. त्यात लिहिलंय, "नमुना क्रमांक नऊ वडिलांच्या कपाळावर सापडला. शिवगंगाला विचारू नये."

चाळीस वर्षं एका घरात राहिलो. एवढं तरी बोलायचं होतं.

मुरुडहून,
शिवगंगा