रुमालाखालचा भाव

प्रिय बाई,

तुम्हाला 'प्रिय' म्हणायची हिंमत तुम्ही असताना कधी झाली नाही. आता रागावायला तुम्ही नाही, म्हणून लिहिते आहे!

तुम्ही गेल्याचं बाबांकडून कळलं. अमरावतीच्या बाजारात संत्री विकून ते इकडे अकोल्याला मला भेटायला आले आणि दारातच म्हणाले, "तुह्या बाई गेल्या, माय." मग पायही न धुता ओट्यावर बसून राहिले. त्याच आठवड्यात आमच्या मुख्याध्यापिकांनी सांगितलं की सोमवारपासून मोठ्या मुलींना घरखर्च आणि अर्थशास्त्र मीच शिकवायचं. हे सांगायला मी तुमच्याशिवाय कोणाकडे धावले असते? तुम्ही आजारी होतात, तर एक कार्ड नाही का टाकायचं?

तुम्ही पुण्याकडच्या. "मले नाही समजून राहिलं" असं मी म्हटलं की सुरुवातीला तुम्हाला वाटायचं, ही पोरगी भांडते आहे. अमरावतीच्या हायस्कूलमध्ये शिवणाच्या तासाला तुम्ही आम्हाला पैसा शिकवायचात. हातात सुई आणि बोलणं व्याजाचं! नागपूरहून आलेल्या इन्स्पेक्टरांनी "हे कोणत्या पुस्तकात आहे?" म्हणून विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "अजून कोणी लिहिलं नाही, साहेब." आणि खाली मान घालून पुढचा टाका घातलात.

तो पदराचा तास आठवतो? बाजारात दलाल आणि व्यापारी रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून भाव ठरवतात, आणि मग दलाल माल आणणाऱ्याला एक आकडा सांगतो. तो खेळ तुम्ही वर्गात मांडलात. एक मुलगी दलाल, एक व्यापारी, आणि मी माळ्याची पोर म्हणून मला केलंत संत्र्यांची मालकीण. त्या दोघींच्या हातांवर तुम्ही स्वतःचा पदर टाकलात.

"काय मालकीणबाई, तुमची संत्री काय भावानं गेली?"

"मले काय माहीत? दलाल सांगन तो भाव!"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. तुम्ही मात्र हसला नाहीत. "आणि त्यानं खोटं सांगितलं तर?" एवढंच विचारलंत.

बाई, माझं हसू तिथंच विरलं. कारण आठच दिवसांपूर्वी बाबा अचलपूरकडच्या आमच्या बगीच्यातून, मी शाळेसाठी राहत होते त्या मामाकडे आले होते आणि मला म्हणाले होते, "संत्र्याले भावच नाही, माय. एवढा बहार झाला का शाळा पुरे." भाव नाही, हे त्यांना कोणी सांगितलं होतं? त्याच दलालानं!

पुढच्या खेपेला बाबा आले, तेव्हा मी त्यांना तो खेळ सांगितला. केवढे चिडले! "त्याच्याशी वाकडं घेतलं अन् त्यानं माल नाही उचलला, तं गाडीभर संत्रं काय तुह्या बाईच्या अंगनात वतू?" हे मी तुम्हाला जसंच्या तसं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "त्यांचं बरोबर आहे." आणि बाबांची गाडी यायची होती त्या शनिवारी सगळ्या वर्गाला घेऊन बाजारात निघालात. अट एकच: पाहायचं, बोलायचं नाही.

लिंबाच्या सावलीत आम्ही मुली रांगेनं उभ्या. माणसं डोळे फाडून बघत होती. दलाल म्हणाला, "मास्तरीणबाई, इथं काय शाळा हाय काय?"

"आज आहे," तुम्ही म्हणालात.

बाबांच्या गाडीची पाळी आली. दोन हात पुढे झाले, वर रुमाल पडला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? बोलायची बंदी! नुसतं त्यांच्याकडे पाहत राहिले. आणि मग बाबांनी हात घालून तो रुमाल ओढूनच काढला.

"माल माहा हाय, शेठ. भाव मले आयकू द्या."

व्यापारी निघून गेला. दलालानं रुमाल खांद्यावर टाकला आणि तो दुसऱ्या गाडीकडे वळला. दुपार उलटली तरी आमच्या गाडीकडे कोणी फिरकेना. मुली भुकेनं कासावीस झाल्या, पण तुम्ही एकीलाही घरी सोडलं नाहीत. खरं सांगू? तेव्हा मी तुम्हाला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. तुमच्या एका तासापायी आमचा बहार गेला आणि माझी शाळाही गेली, असंच मला वाटत होतं.

उन्हं कलली तेव्हा बाहेरगावचा एक लहानसा व्यापारी आला. त्यानं चार माणसांत मोठ्यानं भाव सांगितला. मागच्या खेपेला दलालानं सांगितला होता त्याहूनही कमी! बाबांनी माल देऊन टाकला. माझी मान वर होईना.

बाबा पटक्याच्या शेवानं तोंड पुसत तुमच्याकडे आले.

"कमी आला, बाई," ते म्हणाले. "पन आयकू आला." मग माझ्याकडे बोट केलं. "हिले राहू द्या शाळेत. आमच्या घरात आता इचारनारं मानूस लागते."

तुमचे डोळे भरले होते, बाई. मी पाहिलं होतं. त्या दलालानं पुन्हा कधी आमच्या मालाला हात लावला नाही, पण तो लहान व्यापारी येत राहिला आणि हळूहळू दुसरेही आले. तुम्ही मात्र मॅट्रिक होईपर्यंत मला 'मालकीणबाई' म्हणूनच हाक मारलीत.

एक विचारते, रागावू नका. तुमचा पगार दर महिन्याला तुमच्या भावाच्या हातात जायचा आणि साडीसुद्धा तुम्हाला मागून घ्यावी लागायची, हे मला फार उशिरा कळलं. आम्हाला सगळं शिकवलंत, आणि स्वतः? की 'त्यानं खोटं सांगितलं तर?' हे त्या तासाला मला विचारलंत, ते तुम्ही रोज स्वतःलाच विचारत होतात?

माझा पगार माझ्याच हातात येतो, बाई. बाबांनी एकदा ओट्यावर बसून हळूच विचारलं, "किती पडते वं, माय?" मी शेजारच्या तीन घरांत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं. बाबा हसत सुटले. हे ऐकायला तुम्ही हव्या होतात.

सोमवारी मीही वर्गात पदर पसरणार आहे. जी पोरगी हसून "मले काय माहीत" म्हणेल, तिला मी मालकीणबाई म्हणेन. आणि ती मोठ्यानं विचारायला लागेपर्यंत तिला घरी सोडणार नाही, हा माझा तुम्हाला शब्द.

तुमचीच,
यमुना
(मालकीणबाई)