तांदळाएवढी माशी

आबा, माधवीचा पाया पडून नमस्कार.

कुलूत नोकरी बरी चाललीय. थंडीला दोनच स्वेटर पुरतात. सुट्टीला ट्राउट मासा धरायला शिकतेय. हितं गळाला पिसांची खोटी माशी बांधतात. आपण कटला माशाला कणकेचा मोठा गोळा लावतो, म्हणून मी सगळ्यात मोठी, झगझगीत माशी निवडली. चार रविवार मासा फिरकला न्हाय! मग नदीतला दगड उलटून बघितला, तर खाली तांदळाएवढे करडे किडे. तसलीच बारकी माशी बांधली, आन् लगेच मासा लागला.

तुमी हंगामाचा पहिला मासा पाण्याला परत देता, तसा मीबी सोडला. दुसरा तळला.

गुडघा कसा हाय? होडी एकट्यानं नेऊ नका.

ती बारकी माशी गळाचं टोक मोडून पाकिटात घातलीय. टोपीला लावा. आपल्या पळसदेवात कुणी हसलं तर सांगा, माझी लेक ह्याच्यावर मासे धरते.

तुमची,
माधवी