न धुतलेला पंप

मेस्त्री,

सोमवारी सकाळी मी तेलविहिरीतून आलेला पंप न धुता उघडला. मुलुंडच्या आपल्या शेडमध्ये आजवर एकही पंप डिझेलच्या टाकीत आतून-बाहेरून धुतल्याशिवाय उघडला नव्हता. मी गावाहून नवा आलो होतो तेव्हा पहिल्याच दिवशी तुम्ही खडसावलंत, "आंघोळ न घालता देवाला गंध लावतोस काय रे?" ते मला इतकं पटलं की तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली तरी मी तेच करत राहिलो. त्या काळी शेतावरच्या बोअरचे पंप यायचे, चिखलाने माखलेले; धुणं बरोबरच होतं. पुढे तेलविहिरींचे यायला लागले, आपण तेही धुतले. उघडावं तर आत सगळं लख्ख, फक्त मोटर जळालेली. मग वायंडिंग बदलायचं, तार आणखी चांगली घालायची, वार्निश दोनदा द्यायचं. पंप खाली जातो आणि काही महिन्यांत बंद पडून पुन्हा आपल्याच दारात येतो.

गेल्या महिन्यात तेल कंपनीच्या इंजिनीअर बाई आल्या. धुण्याच्या टाकीशी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो काका, पुरावा तर तुम्हीच गटारात सोडताय ना!" पुढचा पंप न धुता उघडा आणि आत काय सापडतं त्याचा अहवाल द्या, असं सांगून गेल्या.

सोमवारी आत वाळू निघाली. पंख्यांच्या फटींत घट्ट बसलेली. तिने पंपाचा फिरता दांडा अडतो आणि मोटर जोर लावून लावून जळते. मोटरीत दोष नव्हताच. इतक्या वर्षांची आपली मेहनत भलत्याच जागी गेली. शेठ म्हणाले, "लेखी काही देऊ नका. काम काढून घेतील, वाट लागेल सगळ्यांची." खरं आहे ते. शेडमधली माणसं याच कामावर जगतात. रोज पूजेला बसतो, पण मागायचं काय तेच कळत नाही.

आणखी एक आहे. तुम्ही असतानाच, टाकीचा तळ खरवडताना, ती वाळू मला दिसली होती. चिमूटभर बोटांत धरून तुमच्याकडे निघालो आणि तुम्ही ओरडाल म्हणून अर्ध्यातून परत फिरलो. अहवालात मी तेही लिहिलंय. तुमच्यापुढे कबूल करायला मात्र अजून भीती वाटते, म्हणून हे पत्र देवघराच्या खणात राहील. अहवाल काल सही करून देऊन आलो.