मागं उभा राहायचा माणूस

शिरूर, ता. ९ फेब्रुवारी २०२५

चि. एबनेझर यास,
आजी राहेलचा सलाम. इथं समदं ठीक. तुझं ठीक असंल तर सवडीनं कळव, नसंल तर आधी कळव.

फोनवर अवघड काही इचारलं की तुझी रेंज जाती. कागदाची जात न्हाई, म्हणून हे लिवते. अक्षर तिसरीचं हाय, सांभाळून घे. शेजारची सारिका फोटू काढून तुला धाडंल. तू बी लिव, ती छापून आणती.

राहू गावची नकुशी माहेरी आलीय. तिचा नवरा दत्ता, तूच तिकडं परदेशी विमानतळावर चिकटवलेला, त्याला म्हणं आठ दिस कामावर घेतलं न्हाई. खोलीत बसून हाय. काय केलंस इचारलं की नुसता रडतो. तू तिथला सेफ्टीचा मॅनेजर, तुला ठावं नसंल असं होणार न्हाई. काय झालं ते लिव. मॅनेजरवानी नको, माणसावानी लिव.

तब्येतीला जप, खोटं बोलून थकू नको.
तुझी आजी राहेल


ता. ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय आजीस,
एबनेझरचा सप्रेम सलाम वि. वि. तुझं पत्र वाचून रोझी आणि मुलं खूप हसली. मी थोडा कमी हसलो.

विमानं जिथं उभी राहतात त्या मोकळ्या जागेला रॅम्प म्हणतात. तिथं कुणाला इजा होऊ नये हे माझं काम. दत्ता विमानाचा संडास रिकामा करायच्या गाडीवर आहे. घरी त्यानं 'सामान चढवतो' असं सांगितलंय, तेवढं पोटात ठेव. त्या दिवशी ड्रायव्हर, दौंडचे सोपानमामा, ती गाडी विमानाकडं रिव्हर्स घेत होते. दत्ता बाजूला पाइप सोडत होता. गाडी फार मागं येतेय हे त्याला दिसलं. इथला नियम असा, की धोका दिसला की कुणीही दोन्ही हात डोक्यावर फुली करून धरायचे. समोर साहेब असला तरी गाडी थांबलीच पाहिजे. हे मीच त्याला शिकवलं, सर्टिफिकेटही दिलं.

त्यानं हात वर केले नाहीत. चौकशीत म्हणाला, मामा वडिलांच्या वयाचे, त्यांच्यापुढं असे हात कसे करू? म्हणून तो पळत खिडकीशी गेला, मामा जरा थांबता का, असं विचारायला. तोवर विमानाला पोचा पडला होता. कुणाला लागलं नाही, पण विमान नऊ तास अडकलं. रविवारी माझा रिपोर्ट जाईल. वरचे म्हणतात दत्ताचा निष्काळजीपणा लिहा, म्हणजे तो घरी जाईल. वाईट वाटतं, पण नियम तो नियम.

आईला सांग, मी बरा आहे. माया अशीच असू दे.
तुझा एबू


शिरूर, ता. १२ फेब्रुवारी २०२५

चि. एबू यास सलाम.

मुलं हसली, बरं झालं. पुढचं एकटाच वाच.

तू साता समुद्रापलीकडं जाऊन जे शिकवतोस, ते तुझे आजोबा शिरूर डेपोत शिट्टीवर करायचे. यष्टी मागं घ्यायची म्हणलं की कंडक्टरनं खाली उतरून मागं उभं राहायचं. एकदा म्हातारा ड्रायव्हर ऐकंना, तवा यांनी पत्रा असा बडवला की कंट्रोलरचा चहा सांडला. ड्रायव्हर वयानं मोठा म्हणून 'जरा थांबता का' करत बसले असते, तर मागली फुलवाली गेली असती. तेवढ्यापुरतं दत्ता येडंच हाय.

पर आजोबांच्या हातात तवा पाइप नव्हता. मागं उभं राहणं एवढंच काम. तुझ्या पत्रात सोपान हाय, दत्ता हाय, विमान हाय, संडास सुदीक हाय. मागं उभा राहायचा माणूस कुठं हाय? का त्याला लिवायचा इसरलास?

उत्तर रविवारच्या आत धाड. डोक्यावर थंड पाणी मार.
आजी


ता. १३ फेब्रुवारी २०२५

प्रिय आजीस सलाम वि. वि.

विसरलो नाही. गाडीमागं तिसरा माणूस असायचा. डिसेंबरात तो कमी केला. दोघांत भागवा, असा कागद निघाला. त्यावर सेफ्टीची सही लागते. ती माझी आहे.

साहेबांनीच मला इथं आणलं, वर चढवलं. कागद पुढं करून म्हणाले, सगळीकडं असंच चालतं. मला नाही म्हणवलं नाही. आता रिपोर्टात हे लिहिलं तर माझी खुर्ची जाईल. मुलांच्या शाळा इथं आहेत. तू रागावणार, तरी लिहितोय.

तुझा एबनेझर


शिरूर, ता. १४ फेब्रुवारी २०२५

चि. एबनेझर यास सलाम.

रागावू कशाला? मला मजा वाटली. दत्तानं मामापुढं हात वर केले न्हाईत, तू सायबापुढं केले न्हाईस. त्याला घरची वाट आन् तुला खुर्ची. सर्टिफिकेट बी तूच देणार.

आरं, दत्ता निदान खिडकीपत्तुर पळाला. तू कुठवर पळालास?

काय कर ते मी सांगत न्हाई. तुझं पोट तुला, तुझी लेकरं तुला. रोझीला इचार, तिला अक्कल हाय. पर दत्ता परत आला की नकुशी माझ्या उंबऱ्यावर येऊन बसणार. तवा तुझ्यासाठी खोटं बोलायचं मला जमणार न्हाई. वय झालं, काय खोटं बोलले ते ध्यानात राहत न्हाई.

देव तुला बुद्धी देवो, न्हाईतर निदान लाज देवो.
आजी


ता. २० फेब्रुवारी २०२५

प्रिय आजीस सप्रेम सलाम.

रिपोर्ट गेला. त्यात माझ्या सहीचा कागद जोडला. दत्ताला ताकीद मिळाली, बुधवारपासून तो कामावर आहे. प्रत्येक गाडीमागं तिसरा माणूस पुन्हा आला, पण माणसं कमी होती. मॅनेजरी काढून घेतल्यावर मला तिथंच उभं केलंय. पिवळं जाकीट घालून दिवसभर दत्ताच्या गाडीमागं हात हलवतो. काल सोपानमामांना फुली दाखवली. थांबले, आणि मग मनसोक्त शिव्या दिल्या. साहेब बोलत नाहीत. व्हिसा ऑगस्टपर्यंत आहे, पुढचं माहीत नाही.

रोझीनं दोन दिवस मुलांच्या फीचा हिशेब मांडला. आज उन्हाची म्हणून टोपी आणून दिली. आईला तूच सांग.

तुझ्या शिव्या चालू असू देत.
एबू


शिरूर, ता. २३ फेब्रुवारी २०२५

चि. एबूस आजीचा सलाम.

एस्थरला सांगितलं. आई हाय तुझी, दोन घास कमी जेवली. होईल ठीक.

काल नकुशी पिशवी भरून वांगी घेऊन आली. पाया पडाय लागली, म्हणली एबूदादा देवमाणूस. मी म्हणलं, पिशवी ठिव, देवमाणूस परत घिऊन जा. आन् तिला समदं सांगितलं, तुझ्या डिसेंबरातल्या सहीसकट. तिनं समदं ऐकून घेतलं. मग उठली, पिशवीतली निम्मी वांगी पदरात काढून घेतली आन् राहूची गाडी धरली.

उरलेली निम्मी मी मसाला भरून केली. चांगली झाली. तुझा वाटा तेवढाच होता.

उन्हात टोपी घालत जा.
तुझी आजी राहेल